पक्षांचे हजेरीपट

दर वर्षी सप्टेंबरच्या १७ तारखेला मराठवाड्यात झेंडावंदने होतात, हुतात्म्यांच्या स्मारकांवर पुष्पचक्रे वाहिली जातात आणि स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आदराने उच्चारले जाते. ते सर्वथा उचितच आहे. परंतु मुक्तिसंग्रामाच्या इतिहासातील एक पान असे आहे की, त्याचा उल्लेख त्या दिवशीच्या भाषणांतून सहसा होत नाही. संग्रामाच्या निर्णायक टप्प्यावर स्वामीजींकडे नेतृत्व आले ते कोणा श्रेष्ठींच्या नेमणुकीने नव्हे किंवा टाळ्यांच्या गजरानेही नव्हे. ते आले प्रतिनिधींच्या मतदानाने. आणि ती निवडणूकही अत्यंत अटीतटीची झाली होती.

हैदराबाद स्टेट काँग्रेसवर निजाम सरकारने सप्टेंबर १९३८ मध्ये, संस्था रीतसर उभी राहण्यापूर्वीच, बंदी घातली होती. ती उठण्यास १९४६ चा जुलै महिना उजाडावा लागला. बंदी उठताच सभासद नोंदणी, समित्या, प्रतिनिधी हा सारा संसार नव्याने मांडणे भाग पडले. मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटक या तीन भाषिक भागांतील कार्यकर्ते प्रथमच एका उघड संस्थेत एकत्र येत होते. राज्यकर्त्यांशी वाटाघाटींची वाट कुठवर चालावी आणि लढ्याची हाक केव्हा द्यावी, याविषयी जहाल आणि नेमस्त असे दोन स्पष्ट प्रवाह होते. अध्यक्षपदासाठी स्वामीजींच्या समोर बुरगुल रामकृष्णराव उभे राहिले आणि स्वामीजी अगदी थोड्या मतांच्या फरकाने निवडून आले. पुढे जून १९४७ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली स्टेट काँग्रेसचे अधिवेशन भरले, ७ ऑगस्टला हिंदी संघराज्यात सामील होण्याचा दिन पाळण्यात आला आणि १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. इतिहासात जर-तरला फारसा अर्थ नसतो हे खरे. तथापि, ज्या संघटनेने एका बलाढ्य सत्तेला आव्हान दिले, त्या संघटनेची दिशा मूठभर मतांनी ठरली, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. जेथे फरक थोडा असतो तेथे प्रत्येक मताला मोल येते; आणि मताला मोल आले की ते मत देणारा खरा प्रतिनिधी आहे की नाही, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

स्वामीजी आमच्या जिल्ह्याला परके नव्हते. अंबाजोगाईच्या, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादच्या, योगेश्वरी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले. ज्याने शाळा चालविली आहे त्याला एक साधी गोष्ट ठाऊक असते. शाळेची इमारत मोडकी असली तरी चालते, परंतु हजेरीपट खोटा असून चालत नाही. पटावर नाव नसलेला मुलगा परीक्षेला बसू लागला आणि पटावरचा मुलगा दाराबाहेर राहिला की ती शाळा, शाळा उरत नाही. आजच्या आपल्या राजकीय पक्षांची अवस्था नेमकी अशी झाली आहे, असे खेदाने म्हणावे लागते. आपल्या तालुक्यात अमुक पक्षाचे क्रियाशील सभासद कोण, त्यांतून प्रदेशाचा प्रतिनिधी कोण निवडला गेला, केव्हा आणि कोणत्या सभेत निवडला गेला, हे कोणा सामान्य सभासदाने विचारले तर त्याला उत्तर मिळण्याचा संभव फार थोडा. बहुधा त्यालाच उलट विचारले जाईल की, तू कोणाचा माणूस?

यात विशेष असे की, याच जिल्ह्यातील माणसांना मतदारयादीचे महत्त्व कोणी शिकवावे अशी स्थिती मुळीच नाही. सहकाराच्या निवडणुका आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. जिल्हा मध्यवर्ती बँकेची निवडणूक आली की प्रत्येक सेवा सोसायटीत पहिली लढाई होते ती ठरावाची. सोसायटीच्या वतीने मत कोणी द्यावे, त्याच्या नावाचा ठराव कोणत्या सभेत झाला, सभेची सूचना निघाली होती काय, गणसंख्या होती काय, यावरून वाद होतात. प्रारूप यादी प्रसिद्ध होते, हरकती घेतल्या जातात, सुनावणी होते आणि मगच अंतिम यादी लागते. त्यातही लबाड्या चालतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु लबाडी झाली तर ती कोणत्या पायरीवर झाली हे बोट ठेवून दाखविता येते. ज्या खेड्यातील शेतकरी सोसायटीच्या यादीवर हरकत घेतो, त्याच शेतकऱ्याला त्याच्या पक्षाची यादी मात्र कधी दिसत नाही. पतपेढीच्या कारभाराला जी शिस्त लागते ती राज्याच्या कारभाराची सूत्रे हाती घेऊ पाहणाऱ्या पक्षाला का लागू नये?

पक्षांतर्गत प्रतिनिधींचा वाद हा काही आजचा नव्हे. महाराष्ट्राने त्याचा सर्वांत कटू अनुभव ११० हून अधिक वर्षांपूर्वी घेतला आहे. १९०७ चे काँग्रेस अधिवेशन नागपूरला भरावयाचे होते. अध्यक्ष कोणी व्हावे यावरून तेथील स्वागतसमितीत दोन तट पडले. लोकमान्य टिळकांचे नाव एका बाजूने पुढे होते. नेमस्त पुढाऱ्यांनी अधिवेशनच नागपूरहून सुरतेला हलविले. ज्या प्रांतात अधिवेशन भरेल त्या प्रांतातील पुढाऱ्याने अध्यक्ष होऊ नये असा संकेत होता. सुरत आणि पुणे दोन्ही मुंबई इलाख्यातच असल्याने टिळकांचे नाव आपोआप मागे पडले. डॉ. रासबिहारी घोष यांची निवड जाहीर करण्यात आली. २७ डिसेंबरला टिळक आपली सूचना मांडण्यासाठी व्यासपीठावर गेले. तिची लेखी नोंद त्यांनी आधीच दिली होती, तरीही त्यांना बोलू देण्यास नकार मिळाला. त्यानंतर मंडपात जोडा फेकला गेला, खुर्च्या उडाल्या आणि अधिवेशन उधळले गेले, ही हकिगत सर्वश्रुत आहे.

परंतु सुरतेचा खरा धडा त्या जोड्यात नाही, तो पुढच्या घटनापत्रात आहे. एप्रिल १९०८ मध्ये अलाहाबादेस नेमस्तांनी काँग्रेसची घटना तयार केली, तिचे ध्येय मान्य असल्याची सही प्रत्येक प्रतिनिधीस सक्तीची केली आणि प्रतिनिधी निवडण्याचा हक्क केवळ मान्यताप्राप्त समित्यांपुरता आकसून घेतला. जहालांना कोणी ठराव करून काढून टाकले नाही. त्यांना आत येण्याचे दार तेवढे नियमाने बंद करण्यात आले. आठ वर्षे ते दार बंद राहिले आणि त्या आठ वर्षांत काँग्रेसची अधिवेशने निस्तेज होत गेली. १९१५ च्या मुंबई अधिवेशनात नियम सैल करण्यात आला. किमान दोन वर्षे अस्तित्वात असलेल्या आणि स्वराज्याचे ध्येय मानणाऱ्या संस्थांनी बोलावलेल्या सभांनाही प्रतिनिधी निवडण्याची मुभा मिळाली. डिसेंबर १९१६ मध्ये लखनौला टिळक आपल्या अनुयायांसह पुन्हा काँग्रेसमध्ये आले. ज्या संस्थेला एका कलमाने दुभंगले होते, तिला दुसऱ्या कलमाने सांधले. पक्षाच्या नियमांना जे लोक कारकुनी बाब समजतात, त्यांनी या दोन कलमांचा इतिहास अवश्य वाचावा.

यानंतरच्या काळातही मोजणी झाली, परंतु मोजणीचा मान राखला गेलाच असे नाही. १९३९ मध्ये सुभाषबाबूंना १५८० आणि पट्टाभी सीतारामय्यांना १३७७ मते मिळाली; तथापि त्रिपुरी अधिवेशनात कार्यकारिणी नेमण्याच्या अधिकारावर असा ठराव झाला की, निवडून आलेल्या अध्यक्षाला एप्रिल अखेरीस राजीनामा द्यावा लागला. १९५० मध्ये पुरुषोत्तमदास टंडन यांना १३०६, आचार्य कृपलानींना १०९२ आणि आपल्या महाराष्ट्राच्या शंकरराव देवांना २०२ मते पडली. नाशिकचे अधिवेशन टंडनजींच्या अध्यक्षतेखाली भरले. परंतु वर्ष उलटते न उलटते तोच त्यांनीही पद सोडले. १९९७ मध्ये सीताराम केसरी ६२२४ मतांनी निवडून आले. समोर शरद पवार होते, त्यांना ८८२ मते मिळाली. राजेश पायलट यांना ३५४. मार्च १९९८ मध्ये त्याच केसरींना कार्यकारिणीने बाजूला सारले. म्हणजे प्रतिनिधींनी निवडावे आणि श्रेष्ठींनी उठवावे, ही रीतच पडून गेली.

या पार्श्वभूमीवर ऑक्टोबर २०२२ ची काँग्रेस अध्यक्षपदाची निवडणूक अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे. जुन्या हैदराबाद संस्थानातील बीदर जिल्ह्यात, वरवट्टी गावी जन्मलेले मल्लिकार्जुन खरगे आणि शशी थरूर यांच्यात ती झाली. अर्ज भरले जाण्यापूर्वीच पाच खासदारांनी पक्षाच्या निवडणूक प्राधिकरणाचे प्रमुख मधुसूदन मिस्त्री यांना पत्र लिहून विचारले की, मतदार कोण आहेत याची यादी आम्हांला पाहावयास मिळेल काय? ९००० हून अधिक प्रतिनिधींची ही यादी. परंतु ती जाहीर करणे पक्षाने सुरुवातीस टाळले. पुढे, उमेदवारी करू इच्छिणाऱ्यास दिल्लीच्या कार्यालयात ती पाहता येईल, अशी सोय करण्यात आली. यादी हाती आल्यावर अनेक प्रतिनिधींचे दूरध्वनी क्रमांकच तीत नाहीत, मग त्यांच्यापर्यंत पोहोचावे कसे, अशी तक्रार थरूर यांनी केली. मतदानानंतर उत्तर प्रदेशातील मतपेट्यांविषयी त्यांच्या बाजूने आक्षेपही नोंदविण्यात आले. निकालात खरगे यांना ७८९७ आणि थरूर यांना १०७२ मते मिळाली. ४१६ मते बाद झाली. फरक एवढा मोठा होता की आक्षेपांनी निकाल बदलण्याचा प्रश्न उद्भवला नाही, आणि थरूर यांनी तो निकाल मान्य केला. पुढे २०२३ मध्ये त्यांना कार्यकारिणीत स्थानही मिळाले. हरलेल्याला घरात जागा राहिली, ही त्या निवडणुकीची जमेची बाजू होय.

परंतु फरक ६८२५ मतांऐवजी स्वामीजींच्या निवडणुकीसारखा मूठभर मतांचा असता तर? ती न दाखविलेली यादी, ते अपुरे पत्ते आणि त्या मतपेट्या, यांतील प्रत्येक गोष्ट पक्ष फुटण्यास पुरेशी ठरली असती. शिवाय याच सुमारास अनेक प्रदेश समित्यांनी, प्रदेशाध्यक्ष आणि प्रतिनिधी नेमण्याचे अधिकार अध्यक्षांनाच द्यावेत, असे एका ओळीचे ठराव केले होते. ज्याला निवडावयाचे त्यानेच निवडणाऱ्यांची नावे ठरवावयाची, असा हा उलटा व्यवहार आहे. हे केवळ काँग्रेसलाच लागू आहे असे कोणी समजू नये. ज्या पक्षांत अध्यक्ष कायम ‘सर्वानुमते’ निवडला जातो त्यांच्याकडे आमच्या टीकेला निदान एवढीही सामग्री नाही, यात त्यांनी भूषण मानण्याचे कारण नाही. जेथे दुसरा उमेदवारच कधी उभा राहत नाही, तेथे एकमत असते असे नव्हे. मत व्यक्त करण्याची सोय नसते, एवढेच.

या अनास्थेची किंमत काय असते हे महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले. १० जून १९९९ रोजी स्थापन झालेली राष्ट्रवादी काँग्रेस २ जुलै २०२३ रोजी फुटली. अध्यक्ष कोण, शरद पवार की अजित पवार, हा प्रश्न निवडणूक आयोगापुढे गेला. दोन्ही बाजूंनी संघटनेतील बहुमताचा दावा केला. १९६९ च्या काँग्रेस फुटीनंतर सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये बहुमताची कसोटी मान्य केली, तेव्हा संघटनेतील प्रतिनिधी आणि विधिमंडळातील सदस्य अशी दोन्हींची मोजणी करता आली होती. येथे मात्र संघटनेची मोजणी करता येईना. कारण पक्षांतर्गत निवडणुकांचे आणि प्रतिनिधींचे कागद विश्वासार्ह ठरेनात. तेव्हा ६ फेब्रुवारी २०२४ च्या आदेशात आयोगाने खासदार-आमदारांचे बहुमत हाच आधार धरला आणि नाव व घड्याळ हे चिन्ह अजित पवारांच्या गटाकडे गेले. शिवसेनेचेही असेच झाले होते. १७ फेब्रुवारी २०२३ च्या आदेशात आयोगाने त्या पक्षाच्या २०१८ च्या घटनेवर ताशेरे ओढले, कारण तीत नेमणुकांचे अधिकार एका व्यक्तीच्या हाती एकवटले होते. आणि संघटनेची कसोटी बाजूला ठेवून निर्वाचित सदस्यांच्या संख्येवर निर्णय दिला.

या दोन्ही वादांत कोणती बाजू खरी, हा आजचा आमचा विषय नाही. त्याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या मतपत्रिकेवर द्यावे. आमचे म्हणणे एवढेच की, या निर्णयांत सर्वांत मोठा पराभव झाला तो सामान्य सभासदाचा. बीड जिल्ह्यात आमदार दोन्ही गटांत वाटले गेले, घराघरांत दोन झेंडे लागले, पंचवीस-पंचवीस वर्षे सतरंज्या उचलणारे कार्यकर्ते एकमेकांसमोर उभे ठाकले. परंतु पक्ष कोणाचा, या प्रश्नावर त्यांतील एकाचेही मत मोजले गेले नाही. मोजणार तरी कसे? त्यांचा हजेरीपटच विश्वासार्ह नव्हता. पक्ष ज्यांनी उभा केला त्यांच्या हातून तो निसटला आणि ज्यांना पक्षाने तिकीट दिले त्यांच्या संख्येवर त्याची मालकी ठरली. नियम पाळले नाहीत म्हणून नियम दुसऱ्यांनी लावले, याचा दोष दुसऱ्यांना देता येत नाही.

अमेरिकेतील पक्ष आपल्यापेक्षा जुने. तेथेही हे रोग झाले आहेत. १९१२ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात २५४ प्रतिनिधींच्या जागा वादग्रस्त होत्या. पक्षयंत्रणा अध्यक्ष टाफ्ट यांच्या हाती असल्याने त्यांतील २३५ त्यांना आणि अवघ्या १९ थिओडोर रूझवेल्ट यांना देण्यात आल्या. रूझवेल्ट नवा पक्ष काढून उभे राहिले, मते विभागली आणि विरोधी पक्षाचे विल्सन निवडून आले. याउलट २००८ मध्ये ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्यातील चुरस शिगेला पोहोचली असता फ्लोरिडा आणि मिशिगन या राज्यांच्या प्रतिनिधींचा वाद उभा राहिला. पक्षाने ठरविलेल्या तारखेपूर्वीच मतदान घेतल्याबद्दल त्या राज्यांचे प्रतिनिधी बाद करण्यात आले होते. ३१ मे रोजी पक्षाच्या नियम समितीने उघड बैठकीत, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर, दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून त्या प्रतिनिधींना अर्धे मत दिले. तो निर्णय सर्वांना रुचला नाही. सभागृहात आरडाओरडाही झाला. परंतु वाद ज्या नियमावर होता तो नियम आधी लिहिलेला होता आणि निवाडा सर्वांदेखत झाला. आठवड्याभरातच क्लिंटन यांनी माघार घेऊन ओबामांना पाठिंबा दिला आणि पक्ष एकसंध राहिला. वाद दोन्ही वेळा झाला. फरक पडला तो निवाड्याच्या रीतीत.

यावर आमच्याकडे एक ठरलेला आक्षेप घेतला जातो. अशा निवडणुका घेतल्या तर गटबाजी वाढेल, घरातली भांडणी चव्हाट्यावर येतील आणि पैसेवाला बोगस सभासद नोंदवून पक्षच विकत घेईल, असे म्हणतात. बोगस सभासदांची भीती खोटी नाही. ती तक्रार जवळजवळ प्रत्येक पक्षांतर्गत निवडणुकीत ऐकू येते. परंतु त्यावर उपाय निवडणूक टाळणे हा नव्हे. यादी उघडी करणे हा आहे. बोगस नाव अंधारातच टिकते. गावातल्या चावडीवर यादी लागली की, मेलेला माणूस कोणता आणि परगावचा कोणता, हे सांगण्यास कोणा अधिकाऱ्याची गरज लागत नाही. गटबाजीचे म्हणाल तर ती आज नाही काय? ती आहेच, फक्त तिचा निकाल मतांनी लागत नसून दिल्ली-मुंबईच्या बंगल्यांवरील फेऱ्यांनी लागतो.

विधी आयोगाने १९९९ मधील आपल्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बंधनकारक करावी, अशी शिफारस केली होती. लोकप्रतिनिधित्व कायद्यातील २९-अ या कलमाखाली पक्षांची नोंदणी होते. परंतु अंतर्गत निवडणुका नीट घेतल्या नाहीत म्हणून नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आयोगास नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केले आहे. तो कायदा ज्यांनी बदलावयाचा त्यांनाच तो अडचणीचा. यास्तव त्यांची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. कायद्याविना करता येण्यासारख्या तीन गोष्टी प्रत्येक पक्षाने आपल्या जिल्ह्यातच सुरू कराव्यात, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. पहिली, क्रियाशील सभासदांची आणि त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींची तालुकावार यादी निवडणुकीपूर्वी प्रसिद्ध करावी आणि हरकतींसाठी मुदत द्यावी. दुसरी, नियम चुरस सुरू होण्यापूर्वी ठरावेत. सामना चालू असताना मैदान हलवू नये. तिसरी, हरकतींचा निवाडा उमेदवाराच्या हाताखालील माणसाने न करता त्या पदाशी संबंध नसलेल्या व्यक्तीने, कारणे लिहून, करावा.

आणि सभासदांनीही आपली जबाबदारी टाळू नये. सोसायटीच्या ठरावासाठी रात्र जागविणारा आमचा कार्यकर्ता पक्षाच्या प्रतिनिधीचे नाव वरून आले की टाळ्या वाजवून घरी जातो. ज्या दिवशी तो उभा राहून ‘यादी दाखवा’ असे म्हणेल, त्या दिवशी सुधारणेला आरंभ होईल. पहिल्या वेळी त्याला खाली बसविले जाईल. दुसऱ्या वेळी चार जण त्याच्याबरोबर उभे राहतील.

स्वामी रामानंद तीर्थांच्या पुतळ्याला हार घालण्यास जे पुढारी दर वर्षी पुढे असतात, त्यांना आमचा प्रश्न एवढाच आहे: आज आपल्या पक्षात एखादा तसा संन्यासी, पाठीशी ना पैसा ना घराणे, अध्यक्षपदासाठी उभा राहिला तर त्याला मतदारांची यादी मिळेल काय? या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर ज्या पक्षाला देता येईल, त्यालाच मुक्तिसंग्रामाचा वारसा सांगण्याचा अधिकार आहे.